फुप्फुसाच्या गोळीचा बाळाशी काय संबंध?

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरचा लांब पॅसेज. दोन टोकांना दोन नारिंगी कोन, मध्ये 30 मीटर अंतर. ताईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, टेक्निशियनच्या हातात घड्याळ. धावायचं नाही. दम लागला तर भिंतीला टेकून थांबायचं, पण घड्याळ थांबणार नाही. 6 मिनिटांत आपल्या चालीने जमेल तेवढं चालायचं. ताई म्हणजे माझी मावसबहीण. वय 34. कॉलेजात असताना दर रविवारी सिंहगड चढणारी. त्या दिवशी ती 280 मीटर चालली आणि त्यात दोनदा थांबली.

त्याआधीची दोन वर्षं तिला धाप लागत होती. जिना चढताना, कणीक मळताना, पोराच्या शाळेच्या रिक्षामागे चार पावलं पळताना. ज्यांना दाखवलं त्यांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, वजन उतरवा म्हणाले, एकाने टेन्शनचं निदान केलं. दंडाला पट्टा बांधून घेतलेलं बीपी दरवेळी 110 वर 70, अगदी व्यवस्थित. शेवटी कुणीतरी टूडी एको करायला सांगितला, मग उजव्या हृदयात कॅथेटर घालून दाब मोजला, आणि आजाराला नाव मिळालं: पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन. फुप्फुसात जाणाऱ्या धमन्यांमधला दाब वाढलेला. दंडावरचा पट्टा हा दाब मोजतच नाही.

डॉक्टरांनी बोसेंटन नावाची गोळी लिहून दिली आणि दोन अटी घातल्या. दर महिन्याला लिव्हरची रक्ततपासणी. आणि गोळी चालू असेपर्यंत दिवस जाता कामा नयेत. सुरू करण्याआधी प्रेग्नन्सी टेस्ट, नंतरही दर महिन्याला. "गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर एकट्या त्यांच्यावर विसंबू नका," असंही बजावलं. मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवतो, म्हणून बाहेर आल्यावर ताईने मलाच विचारलं, "फुप्फुसाच्या गोळीचा आणि बाळाचा काय संबंध रे?"

रिक्षात बसून मी तिला दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. खरं उत्तर लांबचं आहे. वाटेत जपान लागतं, एक विषारी साप लागतो, अमेरिकेतले घोडे लागतात आणि आपली मुंबईही लागते.

आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचा एक थर असतो, जेमतेम एका पेशीएवढ्या जाडीचा. त्याला एंडोथेलियम म्हणतात. आपण साध्या मराठीत अस्तर म्हणू. पाइपाची आतली बाजू गुळगुळीत असावी म्हणून असतो तसा हा थर असेल, यापलीकडे बराच काळ कुणी त्याला महत्त्व दिलं नाही. 1980 मध्ये न्यूयॉर्कमधल्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर एक गोष्ट दाखवली. अस्तर शाबूत असेल तर एका विशिष्ट औषधाने पट्टी सैल पडते, आणि अस्तर खरवडलं गेलं असेल तर तेच औषध तिला सैल करत नाही. म्हणजे सैल होण्याचा निरोप स्नायूला अस्तराकडून जात होता. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे पुढे कळलं. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना 1998 चं नोबेल मिळालं ते या कामासाठी.

अस्तर जर सैल हो म्हणून सांगत असेल, तर आवळून धर असंही सांगत असेल का? जपानमधल्या त्सुकुबा विद्यापीठात तोमोह मासाकी यांच्या प्रयोगशाळेत मासाशी यानागिसावा हा तरुण संशोधक विद्यार्थी या प्रश्नामागे लागला. डुकराच्या महाधमनीच्या अस्तराच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्या ज्या पाण्यात वाढल्या ते पाणी घ्यायचं आणि डुकराच्याच हृदयाच्या धमनीच्या पट्टीवर सोडायचं. पट्टी आवळली. हळूहळू आवळत गेली आणि लवकर सुटेचना. त्या पाण्यातून त्यांनी नेमका रेणू वेगळा काढला, त्याची रचना शोधली, त्याचा जीन शोधला, आणि मार्च 1988 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात सगळं एकदम छापलं. 21 अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी. नाव ठेवलं एंडोथेलिन. रक्तवाहिनी आवळणारं याच्याइतकं जबर रसायन तोवर माहीत नव्हतं.

याच सुमाराला इस्रायलमधल्या संशोधकांच्या हाती एका सापाचं विष होतं. अ‍ॅट्रॅक्टॅस्पिस एंगाडेन्सिस हा काळा, जमिनीखाली बिळात राहणारा साप. हा तोंड न उघडताच एक दात बाजूने बाहेर काढतो आणि सुरी खुपसावी तसा खुपसतो. विषाने हृदयाच्या धमन्या आवळल्या जातात आणि ठोक्यांची लय बिघडते. त्या विषातले सॅराफोटॉक्सिन नावाचे रेणू तपासले तर तेही 21 अमिनो आम्लांचे, तशाच दोन गाठी मारलेले, एंडोथेलिनचे सख्खे भाऊ शोभतील असे. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी वर्ग गप्प होतो. सापाने भक्ष्य मारायला जे वापरलं, जवळपास तेच आपल्या प्रत्येक धमनीच्या अस्तरात या क्षणी तयार होतंय.

मग आपण मरत का नाही? एकतर ते अगदी थोडं तयार होतं. शिवाय बहुतेक सगळं रक्ताच्या प्रवाहात न पडता उलट्या बाजूला, शेजारच्या स्नायूकडे सोडलं जातं. ही शेजाऱ्याशेजाऱ्यातली कुजबुज आहे, गावभर दवंडी नाही. म्हणूनच रक्तात एंडोथेलिन किती आहे ते मोजून आत काय चाललंय याचा नीट अंदाज येत नाही. रक्तात पडलेला रेणू काही मिनिटांतच नाहीसा होतो, पण स्नायूच्या पेशीला जो चिकटला तो सहजी सुटत नाही, आणि त्याचा परिणाम तासन्‌तास टिकतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, आणि ताईच्या प्रश्नाची गुरुकिल्ली त्यातच आहे. एंडोथेलिन हा एक सांगावा आहे असं समजा. सांगावा तोच असला तरी तो ऐकून कोण काय करणार हे ऐकणाऱ्या घरावर अवलंबून. पेशीच्या पृष्ठभागावर हा सांगावा ऐकणारी जी प्रथिनं असतात त्यांना रिसेप्टर म्हणतात. 1990 मध्ये एंडोथेलिनचे दोन रिसेप्टर सापडले, 'ए' आणि 'बी'. धमनीच्या स्नायूवर मुख्यतः 'ए' असतो. त्याला सांगावा मिळाला की स्नायू आवळतो, आणि सांगावा महिनोन्‌महिने येत राहिला तर स्नायूच्या पेशी वाढतात, भिंत जाड होते. अस्तरावर मात्र 'बी' असतो. तो ऐकतो आणि नेमकं उलट करतो: नायट्रिक ऑक्साइड सोडून धमनी सैल करायला लावतो. शिवाय रक्तात भटकणारं एंडोथेलिन पकडून काढून टाकण्याचं कामही 'बी'चंच, विशेषतः फुप्फुसात. प्राण्याला एंडोथेलिन टोचलं तर रक्तदाब आधी थोडा वेळ खाली जातो आणि मग वर चढून बसतो, त्याचा उलगडा या दोन रिसेप्टरमुळे झाला. सांगावेही एकूण तीन आहेत, एंडोथेलिन-1, 2 आणि 3. धमन्यांमधला मुख्य तो पहिला. तिसरा 'ए'ला फारसा ऐकू येत नाही, 'बी'ला नीट ऐकू येतो. हे तिसऱ्याचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ताईचं फुप्फुस. हृदयाच्या डाव्या बाजूने साऱ्या शरीराला रक्त ढकलायचं असतं, म्हणून तिथे दाब जास्त. उजवी बाजू तेवढंच रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसात पाठवते, आणि फुप्फुसातल्या धमन्या इतक्या ऐसपैस असतात की सरासरी 14 मिलिमीटरच्या आसपास दाब पुरतो. 20 च्या वर गेला की आजार. ताईचा 52 होता. तिच्या फुप्फुसातल्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होऊन आतली वाट अरुंद झाली होती. इथे एक गणित फार निर्दय आहे: नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट नाही, 16 पट होतो. उजव्या बाजूची भिंत पातळ, तिला या ओझ्याची सवय नाही. ती फुगते, थकते. पायऱ्या चढताना शरीर जास्त रक्त मागतं आणि ते फुप्फुसातून पुढे सरकतच नाही. धाप लागते ती यामुळे. लोहाच्या गोळ्यांनी ती कशी जाणार होती?

अशा रुग्णांच्या फुप्फुसातल्या धमन्यांमध्ये एंडोथेलिन-1 फाजील तयार होतं, हे 1993 मध्ये दाखवलं गेलं. त्या काळी या आजाराला औषधच जवळपास नव्हतं. 1980 च्या दशकातल्या अमेरिकी नोंदींप्रमाणे निदानानंतर निम्मे रुग्ण 2.8 वर्षांच्या आत जात. 1995 मध्ये इपोप्रोस्टेनॉल आलं, पण ते शिरेत घातलेल्या नळीतून पंपाने रात्रंदिवस द्यावं लागे, कारण काही मिनिटांत त्याचा परिणाम ओसरतो. आंघोळ करतानाही पंप सांभाळायचा. म्हणून तोंडावाटे घ्यायची गोळी ही केवढी मोठी गोष्ट होती ते लक्षात घ्या. स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहरालगत रोश कंपनीतून बाहेर पडलेल्या काही संशोधकांनी 1997 मध्ये अ‍ॅक्टेलियन ही कंपनी काढली आणि एंडोथेलिनचे दोन्ही रिसेप्टर अडवणारं बोसेंटन पुढे नेलं. 213 रुग्णांच्या चाचणीत 16 आठवड्यांनी खरी गोळी घेणारे आधीपेक्षा सरासरी 36 मीटर जास्त चालले, खोटी गोळी घेणारे 8 मीटर कमी. फरक 44 मीटरचा. 2001 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मंजुरी मिळाली.

44 मीटर हा आकडा मी अनेक वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. तो पॅसेज पाहीपर्यंत मला तो किरकोळच वाटायचा. नारिंगी कोनापासून कोनापर्यंतची एक अख्खी फेरी आणि वर अर्धी. ज्या बाईला घरातल्या घरात न्हाणीघरापर्यंत जाताना वाटेत खुर्ची लागते, तिला ती दीड फेरी म्हणजे काय, हे भिंतीला टेकलेल्या ताईकडे बघताना मला कळलं.

बोसेंटनपाठोपाठ 2007 मध्ये मुख्यतः 'ए' अडवणारं अ‍ॅम्ब्रिसेंटन आलं, 2013 मध्ये दोन्ही अडवणारं मॅसिटेंटन. तर्काने 'ए' अडवून 'बी'ला मोकळं सोडणं बरं, कारण 'बी' तर आपल्याच बाजूचा. पण रुग्णांमध्ये एक प्रकार दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सरस आहे असं सिद्ध झालेलं नाही. कागदावरचा तर्क आणि माणसाचं शरीर यांचं नेहमी जमतंच असं नाही. सिटॅक्सेंटन तर 'ए'लाच धरणारं होतं, पण काही रुग्णांची लिव्हर निकामी होऊन ते दगावले आणि 2010 च्या शेवटी कंपनीने जगभरातून ते मागे घेतलं. बोसेंटननेही लिव्हरला इजा होऊ शकते, दर महिन्याला लिव्हरची तपासणी चुकवायची नाही ती म्हणूनच. मधुमेहासाठी ग्लिबेनक्लॅमाइड चालू असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगायला हवं. ते आणि बोसेंटन एकत्र चालत नाही, लिव्हरवर ताण येतो. आपल्याकडे ही जुनी गोळी अजूनही पुष्कळ घरांत असते.

हल्ली दोन औषधं जोडीने सुरू करतात. अ‍ॅम्ब्रिसेंटन आवळणारा सांगावा अडवतं, टॅडालाफिल सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडच्या निरोपाला बळ देतं. 2015 मध्ये 500 रुग्णांवरच्या अ‍ॅम्बिशन चाचणीत जोडीने सुरुवात केलेल्यांमध्ये प्रकृती ढासळण्याचा धोका एकेक औषध घेणाऱ्यांच्या निम्मा होता. बोसेंटन, अ‍ॅम्ब्रिसेंटन आणि टॅडालाफिल ही तिन्ही औषधं आपल्याकडे भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक रूपात मिळतात.

फुप्फुसात यश आल्यावर साहजिकच सगळ्यांना वाटलं, आता एंडोथेलिन जिथे जिथे वाढलेलं दिसेल तिथे तिथे ते अडवायचं. सर्वांत मोठी आशा हार्ट फेल्युअरची होती, कारण थकलेल्या हृदयाच्या रुग्णांमध्ये ते हमखास वाढलेलं असतं. 1,600 हून अधिक रुग्णांवर बोसेंटनची मोठी चाचणी झाली. फायदा झाला नाही. उलट सुरुवातीच्या आठवड्यांतच रुग्णांच्या अंगात पाणी साठू लागलं. कारण मूत्रपिंडातही हा सांगावा ऐकणारे रिसेप्टर आहेत, आणि तिथे ते मीठ आणि पाणी बाहेर टाकायला मदत करतात. ते अडवले की मीठ अडतं, मिठाबरोबर पाणी. ताईने गोळी सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात नडगीवर अंगठा दाबून दाखवला होता, वाटाण्याएवढा खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. तिला पाणी उतरवायची गोळी पुरली. आधीच पाणी साठलेल्या हृदयाला ते झेपणारं नव्हतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्येही अशी औषधं वापरून पाहिली, हाती काही लागलं नाही. स्क्लेरोडर्मा या आजारात बोटांच्या टोकांना जखमा होतात, तिथे मात्र बोसेंटनने नव्या जखमा कमी झाल्या. मेंदूत रक्तस्राव झाल्यावर तिथल्या धमन्या आवळतात, त्यासाठी जपानने 2022 मध्ये क्लॅझोसेंटन मंजूर केलं.

मूत्रपिंडाच्या आजारात मात्र लोकांनी चुकांतून शिकून पुढची पायरी गाठली, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं. मधुमेहाने मूत्रपिंड खराब झालेल्यांना अ‍ॅव्होसेंटन हे एंडोथेलिन अडवणारं औषध दिलं तेव्हा लघवीतून जाणारं प्रथिन कमी झालं, पण अंगात पाणी साठून हार्ट फेल्युअर इतकं वाढलं की चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्यानंतर अ‍ॅट्रासेंटन या त्याच प्रकारच्या औषधाच्या 'सोनार' नावाच्या चाचणीत वेगळा मार्ग काढला. आधी सगळ्यांना सहा आठवडे औषध थोड्या मात्रेत दिलं. ज्यांच्या लघवीतलं प्रथिन चांगलं उतरलं आणि ज्यांच्या अंगात पाणी साठलं नाही, अशांवरच मुख्य भिस्त ठेवून पुढची चाचणी केली. 2019 मध्ये निकाल आला: मूत्रपिंड निकामी होण्याच्या वाटेवरचा धोका 35 टक्क्यांनी कमी. आयजीए नेफ्रोपॅथी या आजारासाठी अमेरिकेत 2023 मध्ये स्पार्सेंटन आणि 2025 मध्ये अ‍ॅट्रासेंटन मंजूर झालं. हा आजार ऐन तारुण्यात गाठतो आणि पुष्कळांना डायलिसिसपर्यंत नेतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही न उतरणाऱ्या बीपीसाठी 2024 मध्ये अ‍ॅप्रोसिटेंटन आलं. त्याने खोट्या गोळीच्या तुलनेत वरचा आकडा साधारण 4 ने जास्त उतरला. फार नाही, पण अशा रुग्णांकडे दुसरं फारसं काही उरलेलं नसतं.

इथवर एंडोथेलिन म्हणजे रक्तवाहिन्यांचा मामला. आता बाळाकडे येऊ.

1994 मध्ये जपानी संशोधकांनी एंडोथेलिन-1 चा जीन काढून टाकलेले उंदीर तयार केले. अंदाज असा की त्यांचा रक्तदाब खूप कमी असेल. ज्यांच्यात जीनची एकच प्रत उरली होती त्यांचा दाब उलट थोडा वाढलेलाच निघाला. आणि ज्यांच्यात एकही प्रत नव्हती ती पिल्लं जन्मताच श्वास न घेता आल्याने मेली. त्यांचा खालचा जबडा नीट बनलेलाच नव्हता. जबडा! रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रेणूचा जबड्याशी काय संबंध, हा ताईचाच प्रश्न तेव्हा त्या शास्त्रज्ञांनाही पडला असणार.

गर्भाच्या पाठीशी, जिथे पाठीचा कणा होणार त्या कडेवर, पेशींचा एक जथा तयार होतो. त्याला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. या पेशी जन्मगावी राहत नाहीत, वारकऱ्यांसारख्या चालत निघतात. काही चेहऱ्याकडे जाऊन जबड्याची हाडं होतात. काही हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमन्या घडवतात. काही त्वचेत जाऊन रंग देतात. काही आतड्यात शिरून वरून खालपर्यंत चालत जातात आणि आतड्याच्या भिंतीतलं मज्जातंतूंचं जाळं विणतात. वाटेत कुठे थांबायचं आणि काय व्हायचं, हे त्यांना कोणीतरी सांगावं लागतं. चेहऱ्याकडे गेलेल्या पेशींना "तुम्ही खालचा जबडा" हा सांगावा एंडोथेलिन-1 देतं आणि तो त्यांच्यावरचा 'ए' रिसेप्टर ऐकतो. उंदरात हा सांगावा बंद केला तर खालच्या जबड्याच्या जागी वरच्यासारखी हाडं उगवतात. नको तिथे दिला तर वरच्या जागी खालच्यासारखी.

आतड्याकडे निघालेल्यांना सांगावा देतं ते एंडोथेलिन-3, आणि ऐकणारा 'बी'. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली जोडी ती हीच. "अजून मुक्काम करू नका, वाढत राहा, चालत राहा," असा तो सांगावा असतो. तो पोचला नाही तर पेशी वाटेतच बिऱ्हाड करतात आणि आतड्याचा शेवटचा भाग मज्जातंतूंविना राहतो. तो भाग सैल होऊच शकत नाही. बाळ जन्मतं, दोन दिवस होतात, पहिली काळी शी होत नाही, पोट ढोलासारखं फुगतं. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये हा आजार मांडला. सुमारे 5,000 जन्मांमागे एका बाळाला होतो. मज्जातंतू नसलेला तुकडा काढून चांगलं आतडं खाली जोडणं हा उपाय. हिर्शस्प्रुंगच्या बहुतेक रुग्णांमध्ये दोष या जोडीच्या जीनमध्ये नसतो, पण 1994 मध्ये अमेरिकेतल्या मेनोनाइट या ख्रिस्ती समाजातल्या एका मोठ्या कुळात तो नेमका 'बी' रिसेप्टरमध्ये सापडला. दोष असलेल्या दोन प्रती मिळाल्या तर आजार होण्याची शक्यता 74 टक्के, एक मिळाली तर 21.

याच्या 13 वर्षं आधी, 1981 मध्ये, मुंबईतले डॉ. के. एन. शाह आणि त्यांचे सहकारी यांनी 12 बाळांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यांना हाच आतड्याचा आजार होता, आणि शिवाय कपाळावर पांढऱ्या केसांची एक बट होती. तेव्हा जीन वगैरे तपासायची सोय नव्हती. होतं ते निरीक्षण. आतड्याच्या तक्रारीने आलेल्या बाळाचे केसही पाहिले आणि या दोन गोष्टींचं काहीतरी नातं आहे हे ओळखलं. आज जग त्याला वार्डेनबर्ग-शाह सिंड्रोम म्हणतं. पुढे त्याची कारणं सापडली त्यात 'बी' रिसेप्टर होता, एंडोथेलिन-3 होतं. आतड्याचे मज्जातंतू आणि केसांचा रंग, दोन्ही एकाच जथ्यातून निघालेले. सांगावा चुकला की दोन्ही ठिकाणी जागा रिकामी राहते. अमेरिकेत पांढऱ्या चट्ट्यांच्या घोड्यांची एक जात आहे, तिच्यात कधीकधी पूर्ण पांढरं शिंगरू जन्मतं, दिसायला देखणं, आणि काही दिवसांतच पोटाच्या कळांनी मरतं. 1998 मध्ये त्याचंही कारण मिळालं. तोच 'बी' रिसेप्टर.

तर ताई, संबंध हा असा आहे. गोळी फुप्फुसासाठी लिहिलेली असली तरी रक्तातून सगळीकडे जाते, आणि 'ए' दिसला की त्याला अडवते. तो धमनीच्या स्नायूवरचा आहे की पोटातल्या बाळाच्या, जबडा व्हायला निघालेल्या पेशीवरचा, हे तिला कळत नाही. गाभण उंदरांना आणि सशांना अशी औषधं दिली तेव्हा पिल्लांमध्ये जबड्याचे, चेहऱ्याचे आणि हृदयाचे तेच दोष आले जे जीन काढलेल्या उंदरांत आले होते. आणि हे सगळं घडतं गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत, पाळी चुकल्याचं बाईच्या नीट लक्षात येतं न येतं तोवर. म्हणून दर महिन्याला टेस्ट. बोसेंटनमुळे लिव्हरमधली काही एन्झाइम्स चेकाळतात आणि गर्भनिरोधक गोळीतली हार्मोन्स लवकर संपवतात, म्हणून एकट्या गोळीवर भरवसा नाही, सोबत दुसरा उपाय हवाच. त्यात या आजारात गरोदरपण आईच्याही जिवावर बेतू शकतं. उजवं हृदय आधीच थकलेलं, आणि गरोदरपणात रक्त वाढतं.

एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणी बीपी चढून लघवीतून प्रथिन जाण्याच्या आजारात, वारेतून सुटणारी प्रथिनं आईच्या अस्तराला बिघडवतात आणि तिथलं एंडोथेलिन-1 वाढतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत 'ए' अडवला की दाब उतरतो. म्हणजे औषध कपाटात तयार आहे, आणि ज्या बाईला ते हवं तिच्याच पोटात बाळ आहे म्हणून देता येत नाही. बाळापर्यंत न पोचता फक्त आईच्या धमन्यांत राहील असं औषध कुणी बनवलं तर ते मला बघायचंय.

ताईने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिला एक मुलगा आहे, सात वर्षांचा. दुसऱ्याचा विचार त्या दोघांच्या मनात होता, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डॉक्टरांनी नुसतं नको म्हणण्याऐवजी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं होतं, माझंच काहीतरी खराब आहे."

आता ती अ‍ॅम्ब्रिसेंटन आणि टॅडालाफिलवर आहे. पायाची सूज अधूनमधून येते, लोणचं-पापड बंद आहे. मागच्या महिन्यात त्याच पॅसेजमध्ये परत चालली. 415 मीटर, एकदाही न थांबता. शेवटच्या फेरीत टेक्निशियन "एक मिनिट राहिलं" म्हणाला तेव्हा तिने हात वर करून त्याला गप्प केलं, कारण ती फरश्या मोजत होती.